एकशेदहाव्या पानापुढे

ताई,

तू घर सोडून गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. पत्ता माहीत नाही, तरी लिहितेय.

ती नवी कादंबरी मीच तुझ्या गळ्यात मारली. "अगदी तुझ्यासारखी बाई आहे, वाचच," म्हणाले. खरं सांगू? मी स्वतः एकशेदहाव्या पानावर सोडली होती. ग्रंथपाल असून निम्म्या शिफारशी मी अशाच ठोकून देते.

पुस्तक तू घेऊन गेलीस. काल दुसरी प्रत मिळाली. एकशेअकराव्या पानावर ती बाई दूध तापवते, झाकून ठेवते आणि निघून जाते. तुझ्या ओट्यावरचं दूधही झाकलेलं होतं.

भाऊजी रोज ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर नुसते बसतात. पुढचं पान उलटायचा मला धीर होत नाही. ती परत येते का, तेवढं तू सांग.

तुझी,
धाकटी