एल्मुरोदच्या ओशला कुणी जायचं नाही

१७ नोव्हेंबर

वाचलो! वाचलो!

घसा पार बसलाय, बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. आमचा फुटबॉल क्लब ‘चिनोर’ वरच्या लीगमध्येच राहणार! अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत आम्ही बुडालेलोच होतो — आणि मग कॉर्नर, आणि एल्मुरोदचं डोकं, आणि चेंडू जाळ्यात! माझ्या भाच्याचं डोकं! त्या डोक्यावरचे पहिले केस मी कापले आणि आजही मीच कापतो, हे मी स्टँडमध्ये निदान वीस जणांना सांगितलं. तुर्गुन टॅक्सीवाला म्हणाला, “मामा, या आनंदात आमची दाढी फुकट!” आता अख्ख्या कोकंद गावाचा मी मामाच झालोय. सत्तरीचे म्हातारेसुद्धा मामा म्हणतात.

१८ नोव्हेंबर

सुख पंधरा तास टिकलं. दुकानाचं कुलूप काढतोय तोच बातमी दारात — राजधानीच्या ‘पोयतख्त’ क्लबला एल्मुरोद हवाय. पोयतख्तला! दहा वर्षांत आमचे सात खेळाडू उचलून नेले त्यांनी. आम्ही झाड लावायचं आणि त्यांनी फळं तोडायची!

दिवसभर दुकानात दुसरा विषय नाही. मास्तर अब्दुवोहिद खुर्चीत होते. निवृत्त गणित शिक्षक, अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालंय. तोंडाला फेस, तरी बोलणं थांबेना. “जाऊ दे त्याला. तेवीसचा आहे. गुडघे काही माणसासाठी थांबत नाहीत.”

तुर्गुन बाकावरून उसळला. “मास्तर, पोरगं आपलं आहे!”

“आपलं म्हणजे? गावची विहीर आहे का तो?”

“आपल्या मैदानात वाढला. आपण बर्फात उभं राहून त्याच्यासाठी घसे फोडले.”

“तुझा मुलगा कुठे असतो रे तुर्गुन?”

तुर्गुनचा मुलगा चार वर्षं कोरियात, कारखान्यात आहे. खरं म्हणजे बाकावर बसलेल्या पाच जणांत चौघांची मुलं बाहेरच.

“तो पोटासाठी गेलाय,” तुर्गुन शेवटी म्हणाला.

“आणि हा काय पोट आईजवळ ठेवून जाणार?”

सगळे हसले. मी नाही हसलो. मास्तरांच्या हनुवटीवर वस्तरा जरा जोरात ओढला गेला. तुरटी लावावी लागली.

२० नोव्हेंबर

एल्मुरोद फोन उचलत नाही. दोनदा लावला. तिसऱ्यांदा लावणार नाही, मलाही मान आहे.

(लावला. नाही उचलला.)

२३ नोव्हेंबर

ताईकडे गेलो. होसियतताई अंगणात अंजिराच्या फांद्या वाकवून मातीखाली पुरत होती, थंडी तोंडावर आलीये ना. मी तिच्या हातातलं फावडं घेतलं. एल्मुरोद सरावाला गेलेला. निदान ती तरी तसं म्हणाली.

“काय ठरलं त्याचं?”

“ठरेल तेव्हा कळेल.”

“मला नाही कळायचं तर कुणाला कळायचं?”

“माती नीट दाब. वारा जातोय आत.”

ही बाई जन्मात सरळ उत्तर देणार नाही! चहा झाला, नोन-रोटी झाली, डाळिंब सोलून दिलं. विषय निघू दिला नाही. निघताना वाटलं, हिच्या मनातही तेच असणार. अकरा वर्षांपूर्वी याच अंगणातून तिचा नवरा कामासाठी रशियात, कझानला गेला. “दोन वर्षांत येतो.” तेव्हा दुवा कोणी दिली? मी! वडीलधारं कोणी नव्हतं म्हणून मलाच पुढे केलं. हात पसरून, मोठ्या तोंडाने — सुखाने जा, सुखाने परत ये, ओमिन! सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. आता तिकडे त्याला दुसरी बायको आहे, दोन पोरी आहेत.

तेव्हापासून जाणाऱ्याला मी दुवा देत नाही. कुणी निघालं की मी मागच्या मागे सटकतो. हे कुणाला माहीत नाही. इथे लिहून ठेवलं, बस.

आणि पोर? ते माझ्याच सायकलच्या दांडीवर बसून सरावाला जायचं. सहा वर्षं. तो गेला तर मी काय करू? हेच खरं. क्लबचं नाव पुढे करतोय, पण खरं हेच आहे.

२६ नोव्हेंबर

आज आमच्या तेरा जणांची पंधरवड्याची बैठक, तुर्गुनच्या घरी. कढईवरचं झाकण निघायच्या आधीच भांडण. सहा म्हणाले जाऊ दे, सहा म्हणाले जाऊ द्यायचं नाही. मास्तर म्हणाले, “तुम्ही त्याच्यावर प्रेम करता की त्याच्या गोलवर?” तुर्गुन म्हणाला, “मास्तर, तुम्ही आधी जेवा.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा, तू बोल. मामा, तुझा शब्द.

आणि मी बोललो. उचलली जीभ, लावली टाळ्याला! म्हणालो, आपल्याकडे मोठ्यांची दुवा घेतल्याशिवाय कुणी गाव सोडत नाही. जायचं ठरवलं तर त्याला गावाला ओश, पुलावाचं गावजेवण, घालावाच लागेल. घालू दे. कढया चढवू दे. कुणी जायचं नाही! बघू मग कुणाच्या दुवेने जातो.

मग टाळ्या. तुर्गुनने पाठीवर थाप मारली — “याला म्हणतात मामा!” आज रात्रीपर्यंत गावभर होईल हे. मास्तरांनी अर्ध्यातच हात धुतले आणि टोपी घालून निघून गेले.

छाती फुगली होती माझी. खोटं कशाला लिहू?

२७ नोव्हेंबर

दुपारी अचानक एल्मुरोद दुकानात! बाकावरचे सगळे सावरून बसले. बैठकीतलं त्याच्या कानावर गेलेलं दिसलं नाही — किंवा गेलं असेल, काय सांगावं. खुर्चीत बसला. मी पंचा बांधला. कात्री चालायला लागली.

मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “मामा, तुम्ही माझ्या जागी असतात तर?”

बाकावर दोन टोप्या पुढे सरकल्या. मला म्हणायचं होतं — बाळा, मला भीती वाटते. तोंडातून निघालं, “मी कुणाच्या जागी नसतो. मी माझ्या जागी आहे. सत्तावीस वर्षं.”

त्याने मान हलवली. कपाळावरचे केस झटकले, माझ्या हाताला हात लावला आणि गेला.

आज दोघांना कापलं. एकाचा कान, एकाचा गाल.

२९ नोव्हेंबर

ताईचा फोन. “रविवारी ओश आहे. पहाटेच्या नमाजनंतर, आपल्या मोहल्ल्याच्या हॉलमध्ये. दोनशे माणसं. तू फाटकात उभा राहा.”

एवढंच! कशाचा ओश ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, हातच्या काकणाला आरसा कशाला? मामाने फाटकात उभं राहायचं, छातीवर हात ठेवून एकेकाला आत घ्यायचं — ही आमची रीत. आणि कुणी जायचं नाही हे ठरवणाराही मीच!

मी “बघतो” म्हणालो. बघतो! सख्ख्या बहिणीला!

३० नोव्हेंबर

तुर्गुनने शपथ घालून विचारलं, “मामा, पाघळणार नाहीस ना?” नाही म्हणालो. टोपी इस्त्री करून ठेवलीये मात्र. चपानचा लांब अंगरखाही काढून ठेवलाय. उद्याचं उद्या.

१ डिसेंबर

गेलो नाही.

पहाटे चारला उठलो. चपान घातला, काढला, पुन्हा घातला. हॉल आमच्या घरापासून शंभर पावलांवर. कढयांचा वास खिडकीतून येत होता — गाजर, जिरं, चरबी. दार उघडलं की लोक बघणार. दार बंद ठेवलं तर बहीण बघणार. मी पडद्यामागे उभा राहिलो. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पडद्यामागे!

रस्ता रिकामा. नमाज सुटली, लोक मशिदीतून बाहेर आले आणि खाली मान घालून दुसऱ्या गल्लीने गेले. माझा शब्द पाळला लेकांनी! एरवी मी सांगितलं तर कुणी खुर्चीत डोकंसुद्धा सरळ धरत नाही.

नऊ वाजता मास्तर दुकानात आले. हातात कापडात बांधलेला वाडगा. एकटे तेच गेले होते. “दोनशे थाळ्या मांडलेल्या,” म्हणाले. “मी एकटा पहिल्या टेबलाला बसलो. आचाऱ्यानेच मला वाढलं, तोच माझ्यासमोर बसला. एल्मुरोद दीड तास फाटकात उभा होता. छातीवर हात. मी दुवा दिली. खा.”

“ताई?”

“उरलेलं सगळं इस्पितळात पाठवत होती. रडत नव्हती. तू खा.”

मी खाल्लं नाही. घरीही आणलं नाही. वाडगा आरशापुढे पडून आहे.

संध्याकाळी तुर्गुन आला, खुशीत. तो टॅक्सीतून दोनदा हॉलवरून गेला होता म्हणे. “मामा, शरम बघ त्याची — हसत होता! एकटा उभा राहून हसत होता नालायक!”

मला एवढा राग आला! कुणाचा आला ते नीट कळलं नाही.

४ डिसेंबर

गेला. पोयतख्तशी सही. राजधानीत त्यांचा निळा शर्ट हातात धरलेला फोटो आला. मला फोन नाही, निरोप नाही. मामा आहे, हे बहुतेक विसरला.

५ डिसेंबर

“बघा! मी म्हटलं नव्हतं?” — दिवसभरात हे वाक्य चौदा जणांकडून ऐकलं. सगळ्यांनाच आधीपासून माहीत होतं. आरशाच्या कोपऱ्यातला त्याचा फोटो मी स्वतः वस्तऱ्याने खरवडून काढला. डिंक निघाला नाही. पांढरा चौकोन राहिलाय. गिऱ्हाइकं दाढी होईपर्यंत तिकडेच बघतात.

११ डिसेंबर

ताईच्या दारावरून दोनदा गेलो. दोनदा परत आलो.

१८ डिसेंबर

आज दार ठोठावलं. तिने उघडलं, आत घेतलं, चहा ओतला. अर्धा पियाला भरला — म्हणजे अजून पाहुणा मानते. पुरा भरला असता तर लवकर उठ असा अर्थ.

मीच सुरू केलं. म्हणालो, तो असा न सांगता गेला हे बरं केलं नाही. दुवा नाही, काही नाही. ती उठली, कोनाड्यातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. “वाच. मोठ्याने वाच.”

चिनोरचा करार. तीन वर्षांचा. खाली एल्मुरोदची सही. तारीख २८ नोव्हेंबर. क्लबच्या सहीची जागा कोरी.

“तुझ्याकडून केस कापून आला,” ती म्हणाली, “आणि रात्रभर अंगणात फिरला. सकाळी म्हणाला, आई, राहतो. मामा इथेच आहेत, मीही इथेच राहतो. क्लबच्या अध्यक्षांनाही बोलावलं होतं ओशला. सगळ्या गावासमोर त्यांच्या हातात कागद द्यायचा होता. आणि टीम वाचली तर ओश घालीन असा माझा नवस होता. तोही फिटला असता.”

“मग सांगितलं का नाहीस मला? एका शब्दाने?”

“चांगली गोष्ट व्हायच्या आधी कुणी सांगतं का? नजर लागते. लहानपणापासून हेच शिकलो ना आपण? आणि तुला सांगायचं? तू सांगितलंस की बाजारभर होतं.” मग कागदाची घडी करत — “फाटकात उभा राहा म्हटलं होतं तुला. दुसरं काय मागितलं मी?”

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अंजिराबद्दल बोलायला लागली. या वर्षी माती नीट दाबली गेली म्हणे.

मी माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. माझ्या एकट्याच्या पायावर असता तर चाललं असतं.

१९ डिसेंबर

दुकानात सगळ्यांना सांगितलं. कागद, तारीख, सगळं. लपवायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो.

तुर्गुन म्हणाला, “पण आपल्याला काय माहीत?” मग एकजण म्हणाला की कल्पना मामाची होती. दुसरा म्हणाला, हो, मामाचीच. तासाभरात सगळ्यांची खात्री पटली की ते स्वतः तर जाणारच होते! फक्त तुर्गुन शेवटपर्यंत बसून राहिला. जाताना म्हणाला, “मी मुलाला व्हिडिओवर सांगितलं होतं, बघ आम्ही कसं रोखलं त्याला. त्याने फोन ठेवून दिला.”

२५ डिसेंबर

झोप नाही. दुकान उघडतो, तासाभरात बंद करतो. एल्मुरोदला तीन निरोप पाठवले. माफ कर. परत ये म्हणत नाही, फक्त माफ कर. निरोप त्याने वाचले, एवढं फोनवर दिसतं.

३१ डिसेंबर

मास्तर नवीन वर्षाची दाढी करायला आले. मी म्हटलं, मास्तर, त्याचं आयुष्य मी बिघडवलं. तो राहणार होता. मास्तर म्हणाले, “हळू. मागची जखम अजून भरली नाही.”

६ जानेवारी

एल्मुरोदचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याने बोलूच दिलं नाही.

“मामा, आईला कधी सांगू नका. त्या दिवशी मी फाटकात उभा होतो ना, छातीवर हात ठेवून — तेव्हा मनात एकच धावा चालला होता. अल्ला, कुणी येऊ नये. एकसुद्धा माणूस येऊ नये.”