भोंग्याच्या रबराचा पंप

तिसगाव, ता. पाथर्डी
चैत्र वद्य पंचमी, शके १८६६

तीर्थस्वरूप दाजींना कानिफनाथाचा दंडवत.

आपला खोकला कसा आहे? अक्का इथं बाळंतपणाला, मुक्ताही इथंच, म्हणजे आपण खानावळीत जेवत असणार. तिथली आमटी अंगाला लागत नाही, हे मी कॉलेजात असताना दीड वर्ष अनुभवलं आहे. तेव्हा काढा घेत जा.

राहीअक्काचा ताप काल उतरला आणि बाळ आता रडलं की शेजारच्या आळीत ऐकू जातं, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं आपण न घाबरता वाचाल. जेऊरचे तलाठी मुक्ताला पाहायला येणार आहेत, तिला रविवारी लावून द्या, हे आपलं कार्डही पोचलं. त्याचा विचार शेवटी करू.

आपल्या मातोश्री पाचवीला बाळंतविडा घेऊन आल्या आणि लेकीला, मुक्ताला, मदतीला ठेवून गावी परत गेल्या, तोवर सगळं ठीक दिसत होतं. पण बाळ आठव्या महिन्यातलं, ओंजळीत मावेल एवढं. तोंडाला घेतलं की दोनदा ओढायचं आणि दमून झोपायचं. इकडे अक्काला दूध भरपूर, पण ते निघेना. छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. हातानं काढायला गेलं की ती किंचाळायची. गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्यानं पाजलं, तर बाळानं ते ओकून टाकलं. आईनं दोनदा दृष्ट काढली, (माझीही काढली, कारण मी वैद्यबुवांना दारातून परत पाठवलं होतं). तेव्हा मुक्ता म्हणाली की पुण्यात आपल्या शेजारणीकडे तिनं दूध काढायचा काचेचा पंप पाहिला आहे, तो नगरला औषधांच्या दुकानात मिळेल. आई म्हणाली, बाईमाणसाला कुठं यंत्र लावतात का? मी पायांत वहाणा सरकवल्या आणि मोटर गाठली.

नगरच्या दुकानात गर्दी होती, आणि गर्दीत आमच्या शाळेचे जुने मास्तर खोकल्याची बाटली भरून घेत उभे होते. दाजी, मी कॉलेजात प्राध्यापकाच्या तोंडावर वही आपटून बाहेर पडलेला माणूस. पण मास्तरांच्या देखत बहिणीच्या दुधाची गोष्ट माझ्या जिभेवर येईना. दूध काढायचा पंप हवा एवढंच म्हणालो. कंपाउंडरनं विचारलं कुणासाठी, तर तोंडातून निघून गेलं की गाईसाठी. तो मोठा चौकस निघाला. कितवं वेत, म्हणाला. मी म्हणालो, पहिलंच. अंग गरम आहे का? आहे. खायला काय घालता? मी आपला रोजच्या सवयीनं सांगून गेलो की डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. सगळं दुकान हसलं. मास्तर तर असे हसले की त्यांच्या खोकल्याला औषधाची गरजच उरली नसावी. मी फळीवर मूठ आपटून, चार शब्द बोलून बाहेर पडलो, आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की पंप राहिला. पुन्हा आत जायला तोंड नव्हतं. घरी बाळ उपाशी होतं.

बाहेर नूरुद्दीन टांगेवाले उभे होते. वयानं आपल्या वडिलांएवढे. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, कुनी मेलं का रे बाबा? मी सगळं सांगितलं. (टांगेवाल्याला सांगता आलं आणि दुकानदाराला आलं नाही, हे कसं ते मला अजून कळलेलं नाही.) त्यांनी टांगा वळवला आणि मला स्वतःच्या घरी नेलं. त्यांची बायको चांदबी म्हणजे नगरातली जुनी सुईण. ती पदर खोचून त्याच दुकानात गेली आणि तीन पंप पारखायला घरी घेऊन आली. दुकानदार तिला वचकतो.

पहिला पितळी, पिचकारीसारखा. चांदबी म्हणाली, स्वतःच्या अंगावर लावून बघ, मग बहिनीला ने. दंडाला लावून दट्ट्या ओढला तर कातडी सुपारीएवढी वर आली आणि जांभळी पडली. मी म्हणालो, हाच द्या, ह्याला जोर आहे. त्यावर ती म्हणाली, "आरं, मोटंचं पानी उपसायचंय का बहिनीचं दूध काढायचंय? आन् आतून धुनार कसा? दिसतंय का काही?" दुसरा काचेचा, लांब नळीचा. नळीचं टोक बाळंतिणीनं स्वतःच्या तोंडात धरून ओढायचं. दुसऱ्या दंडावर करून पाहिलं, मला धाप लागली. तापातल्या अक्काला ते कुठून जमणार? तिसरा काचेचा, काठ गुळगुळीत, खाली दूध साठायला फुगा, वर रबराचा गोळा. तोच बरोबर होता, पण दुकानात पडून पडून रबर तडकलेलं, आणि लढाईमुळं नवं रबर कुठं मिळत नाही. चांदबीनं नवऱ्याकडे पाहिलं. नूरुद्दीनचाचांनी सुस्कारा सोडला आणि टांग्याच्या भोंग्याचा रबरी गोळा काढून दिला. तो उकळून बसवला. दोन्ही दंड कामी आले होते, म्हणून हा गालावर लावून पाहिला. चांदबी सांगत होती की हलकं दाब. मी हलकंच दाबलं, तरी गालावर रुपयाएवढा लाल शिक्का उठला.

मोटरमध्ये एकानं विचारलं, तुंबड्या कुठं लावल्या पावणं, डोक्यातली गरमी उतरली का? मी खिडकीबाहेर पाहत गप्प बसलो. मोटर वाटेत बराच वेळ थांबली, म्हणून घरी पोचायला दिवेलागण झाली.

मुक्तानं पंप उकळून घेतला आणि दार लावलं. मी ओसरीवर बसून होतो. आतून अक्काचा आवाज येईल म्हणून कान दाबून धरले, पण आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं मुक्तानं दार उघडून मला अर्धी वाटी दूध दाखवलं. बोंडल्यानं पाजलं, बाळानं सगळं घेतलं आणि ओकलं नाही. आई रडली. आता तीच आळीतल्या बायकांना बोलावून पंप दाखवते. कालपासून बाळ एका बाजूला स्वतःच ओढायला लागलं आहे. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरतं आहे.

आपला,
कानिफनाथ

ता. क. पुण्यात जुन्या मोटारींच्या बाजारात रबरी गोळा मिळाला तर पाठवा. नूरुद्दीनचाचा भोंग्यावाचून घसा फोडून वाट मागत फिरत असतील.

ता. क. दुसरा. गोळ्याची तशी घाई नाही. हा मोठा गोळा चालवायला दोन माणसं लागतात, एक काच धरायला, एक दाबायला. आईचा हात जड आहे. तेव्हा रविवारी मुक्ताला पाठवता येत नाही, हे तलाठ्यांना कळवावं.

ता. क. तिसरा. मी कॉलेज प्राध्यापकामुळं सोडलं नाही. त्या रविवारी मी आपल्याकडे जेवायला आलो होतो, तेव्हा तलाठ्यांची गोष्ट प्रथम निघाली. वही मी दुसऱ्या दिवशी आपटली. बाकी आपण सुज्ञ आहात.

दादास मुक्ताचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. रबर लगेच धाड, या भोंग्याला वहिनी वैतागली आहे, आणि तो दाबायला एकच माणूस पुरतं. मोटरमध्ये हे गप्प बसले नव्हते. भांडण जुंपलं, मोटर थांबवून दोघांना खाली उतरवलं, आणि हे वाटेतल्या करंजीपासून चालत आले. अंगरखा फाटलेला, कोपर सोललेलं. पंप मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरून आणला होता, काचेला चरा नाही. तलाठ्यांना कळव, मुलगी बारशाआधी येत नाही. बारशानंतरही नाही.