एवढ्या भावात

३ एप्रिल

ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तरही गेले! दोनदा चहा घेतला, तासभर रंगांची पुस्तिका चाळली, "हा निळा जरा गंभीर वाटतो, नाही?" असं विचारून माझं डोकं खाल्लं — आणि आज त्यांची गाडी रस्त्यात दिसली. तोच गंभीर निळा. चढवला मात्र निम्मेरावाने.

त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही, करून घ्यायचंही नाही. हिवाळ्यात पुलापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसला. गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो म्हणे — ताई किती म्हणाल्या? मग त्याच्या निम्मे! गाडीच्या पत्र्यावर रंगीत फिल्म चढवणं म्हणजे त्याला वहीला कव्हर घालणं वाटतं. फिल्म हलकी. कापाकापी थेट गाडीच्या रंगावर ब्लेड टेकवून. वर्षभराने फिल्म सुटेल, खाली ओरखडे निघतील, तेव्हा मास्तर कोणाकडे येणार? माझ्याकडे. चहा प्यायला.

सिग्नलला काच खाली करून विचारलंच. मास्तर अगदी शांत. "अहो, थोडं इकडेतिकडे असेल. एवढ्या भावात चालायचंच."

४ एप्रिल

दिवसभरात एक स्कूटर. तिचंही फक्त तोंड.

६ एप्रिल

लाँड्रीवाल्या बाई आल्या. त्यांच्या आठ व्हॅन म्हणजे आमचं वर्षभराचं पोट. यंदा सगळ्यांना नवा रंग, नवी अक्षरं हवीत. मी खुशीत पुस्तिका काढली, तर त्यांनी पर्समधून निम्मेरावाचा भाव काढून टेबलावर ठेवला.

मी दर्जावर बोलायला लागले. बाईंनी हात वर केला. "भाषण नको. दोघं एकेक गाडी करा. तीन आठवडे उन्हातान्हात फिरवते, रोज धुते. मग ठरवते. मध्ये कोणी हात लावायचा नाही."

हे काम गेलं तर मागची शेड सोडावी लागेल आणि घोरपडला रजा द्यावी लागेल. हे नाव बाबांनी ठेवलेलं — गाडीला एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून. माझ्याही आधीपासून इथे आहे. बाबांच्या हाताखाली शिकला.

बाबा ब्रशने ट्रकवर अक्षरं काढायचे. लोक निवृत्त होतात त्या वयात फिल्म शिकले आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे गेले. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी त्यांना दुकानाची पायरी चढू देत नाही. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय. हे दुपारपर्यंत चालतात! कोणतीही गोष्ट बेताने करायची म्हणून नाही.

९ एप्रिल

भाव पाडला. पाडावाच लागला. निम्मेरावाच्या थोडा वर, पण जुन्या भावाच्या पुष्कळ खाली.

आणि त्या भावात आपली नेहमीची फिल्म बसेना. फिल्मवाला किती दिवस मागे लागला होता, "ही घ्या ना, दिसायला डिट्टो तशीच." आज घेतली. घोरपडने तिचं टोक दोन बोटांत धरून ताणून पाहिलं. "ताई, ही ताणली की परत जायला बघते."

मी म्हटलं, "तीन आठवडे टिकली की झालं."

त्याने मान हलवली. होकारार्थी नाही, नकारार्थीही नाही. ही त्याची तिसरी मान मला अजिबात आवडत नाही.

१२ एप्रिल

आमची व्हॅन झाली. लांबून झकास. जवळूनही झकास.

जेवताना बाबांनी विचारलं, फिल्म कोणती? म्हटलं, नेहमीचीच. त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली आणि म्हणाले, "हाताला वास वेगळा येतोय." मी म्हटलं, साबण बदललाय.

१५ एप्रिल

दोन्ही व्हॅन लाँड्रीच्या अंगणात शेजारीशेजारी उभ्या. आणि निम्मेराव प्रत्यक्ष! मला वाटलं होतं कोणीतरी बेरकी, सोन्याची साखळीवाला असेल. निघाला सडपातळ, चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट. मला पाहून हातातला फोन खिशात ठेवला. "ताई, तुमच्या गाड्या बघूनच मी या लाइनीत आलो."

भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. वाया गेली.

त्याच्या व्हॅनभोवती एक चक्कर मारणार, तेवढ्यात बाई बाहेर आल्या. "हात लावायचा नाही म्हणजे नाकही लावायचं नाही!"

१९ एप्रिल

आज त्याची व्हॅन माझ्या पुढेच होती. मी पाठोपाठ पेट्रोल पंपापर्यंत गेले. तिथे बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने तिच्या मागच्या दाराशी वाकले. पायात चप्पल होती, पण असो.

मागच्या दाराच्या कोपऱ्यावर कान!

दाराच्या कोपऱ्यावर फिल्म जास्तीची उरते. बाकीचे ती कापून टाकतात, आणि पुढे तिथूनच ती उठते. बाबा कापत नाहीत. जास्तीचा तुकडा आत घेऊन छोटा त्रिकोण दुमडतात, गरम करून अंगठ्याने दाबतात. याला आम्ही कान म्हणतो. ही बाबांची स्वतःची युक्ती. आमच्या दुकानाबाहेर कोणाला येत नाही. कोणालाही!

फोनवर फोटो काढला. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "बाई, काही सांडलं का?"

सांडलं तर खरंच.

२० एप्रिल

घोरपडला विचारलं. नीट विचारायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं ते असं — "निम्मेरावाकडे केव्हापासून जातोस?"

त्याने हीट गन बंद केली. वायर गुंडाळली. खुंटीला लावली. मग म्हणाला, "ताई, चोरीच करायची तर काहीतरी मोठं चोरीन. कोपरा कशाला चोरू?"

दुपारचा डबा त्याने बाहेर पायरीवर बसून खाल्ला. पाठ माझ्याकडे.

२१ एप्रिल

घोरपड आला नाही. फ्रिज दुरुस्तीवाल्याची गाडी मी एकटीने केली. इतके बुडबुडे आले की त्याला म्हटलं, थंडगार वाटावं म्हणून मुद्दाम ठेवलेत. तो हसला नाही, गाडी ठेवून गेला.

२२ एप्रिल

आला. माझे बुडबुडे काढत बसला. कोपऱ्यावर पोचला तशी मी फोन काढला आणि फोटो त्याच्या हाताशेजारी धरला.

त्याचा कान उजवीकडे झोपतो. फोटोतला डावीकडे.

घोरपड उजव्या हाताचा. मीही. आमच्यात डावखुरं माणूस एकच. आणि ते सकाळपासून चालायला गेलंय.

घोरपडने फोटो पाहिला, मला पाहिलं, परत कामाला लागला. मी त्याची माफी मागितली. म्हणाला, "राहू द्या ताई. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

म्हणजे याला ठाऊक होतं!

२३ एप्रिल

बाबांच्या मागे गेले. पूल ओलांडेपर्यंत लंगडत होते. पत्र्याची शेड दिसली तशी चाल सुधारली.

रस्त्यापलीकडून पाहिलं. बाबा चाकांच्या स्टुलावर बसून गाडीच्या कडेने सरकत होते. निम्मेराव टॉर्च धरून मागे मागे. बाबा काहीतरी म्हणाले आणि दोघं हसले. मग बाबांनी त्याच्या हातावर चापट मारली — लहानपणी मी घाई केली की मला मारायचे तशीच.

घरी आल्यावर विचारलं, किती देतो तो?

"मी मागितले नाहीत."

वा! म्हणजे माझ्या वडिलांचा हात फुकट, म्हणून त्याचा भाव निम्मा! माझ्या धंद्याच्या मुळावर माझ्याच घरातला माणूस उठतो, आणि मी त्याला सकाळी डबा भरून देते! बरंच बोलले. घोरपडचं, शेडचं, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू रोज मला विचारतेस, गुडघा कसा आहे. तो विचारतो, हा कोपरा कसा करू."

मी म्हटलं, पण लाँड्रीची गाडी? आपली गाडी?

"तू जिंकणार हे धरूनच चाललो होतो मी. तुझी फिल्म, घोरपडचा हात. त्याला एक गाडी शिकायला मिळाली, एवढंच. फिल्म हलकी आणली होती त्याने. मी परत करायला लावली." माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "तू कोणती लावलीस?"

मी भांडी घासायला उठले.

२५ एप्रिल

अबोला. नवरा मध्यस्थ. "बाबा म्हणतायत आमटी छान झालीय." "त्यांना सांगा, कालचीच आहे." तिसऱ्या फेरीनंतर त्याने ताट उचललं आणि टीव्हीपुढे जाऊन बसला. म्हणाला, मला यातलं काही मिळत नाही, ना पगार ना आमटी.

बाबा चालायला जातातच. आता लंगडायचं नाटकही करत नाहीत.

२ मे

उठला!

माझ्या व्हॅनचा मागचा कोपरा. बाजारात दिसली. वाऱ्यावर फडफडत होता, जाणाऱ्या येणाऱ्याला टाटा करत. तीन आठवडेसुद्धा नाही. परत जायला बघते म्हणाला होता घोरपड. गेलीच ती.

निम्मेरावाची तिच्यामागूनच आली. बोट ठेवायला जागा नाही.

३ मे

भर दुपारी लाँड्रीच्या भिंतीलगत गाडीत बसून होते. मांडीवर हीट गन. दोन मिनिटांचं काम — आत जायचं, कोपरा गरम करायचा, दाबायचा, बाहेर. प्लग कुठे लावणार होते, कोण जाणे. लाँड्रीतली एक मुलगी येऊन म्हणाली, "केस वाळवताय का ताई?"

परत आले.

घोरपडला सांगितलं की या महिन्यानंतरचं मला सांगता येत नाही. तो म्हणाला, बरं. मागची शेड मात्र झाडून घेतली त्याने. सोडायची असली तरी स्वच्छ सोडावी म्हणे.

५ मे

उद्या बाई ठरवणार. माझी बाजू उघड आहे, कोपऱ्यासारखीच. निम्मेरावाची गाडी चांगली, फिल्म चांगली, हात माझ्या वडिलांचा, भाव निम्मा. मी असते तरी त्यालाच दिलं असतं.

राग नेमका कोणावर काढावा हेही धड ठरत नाही, याचाच जास्त राग येतोय.

६ मे

बाईंचा फोन. निम्मेरावाने भाव बदलला म्हणे. चांगल्या फिल्ममध्ये, असं काम करून, निम्म्यात परवडत नाही — त्याला कोणीतरी हिशेब शिकवलाय. माझ्या जुन्या भावावर जाऊन बसलाय.

"म्हणजे आता तुम्हीच स्वस्त," बाई म्हणाल्या. "आठही तुमच्याकडे टाकते."

मी विचारलं, गाडी पाहिलीत ना?

"पाहिली की. कोपरा उठलाय मागचा. पण एवढ्या भावात चालायचंच."

फोन ठेवला. घोरपड दारात उभा होता, त्याला दुकान बघायला सांगितलं. घरी आले. बाबा नुकतेच येऊन चपला काढत होते. गुडघ्याचं विचारलं नाही. म्हटलं, "बाबा, मागचा कोपरा उठलाय. कसा करू?"

त्यांनी काढलेली चप्पल परत पायात घातली.

"आधी ती फिल्म काढ."