मिस्टर लेमुएल घर सोडून गेले त्याची हकीकत

सॅव्हाना, शुक्रवार दुपार

आदरणीय कॉर्नेलियस काका यांस,

ओडेटचा नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. तुमच्या गुडघ्याला आता कसं आहे? आत्या म्हणते, डेट्रॉइटच्या थंडीत नुसता गुडघाच कुरकुरतो हे नशीब समज, आणि टर्पेंटाइन चोळून वर फ्लॅनेल बांधायला सांग. (तसं सांगितलं. टर्पेंटाइन चोळून चुलीपाशी बसू नका, हे माझं स्वतःचं.) आम्ही दोघी सुखरूप आहोत असं पुढचं वाक्य लिहायची पद्धत आहे, पण ते पूर्णपणे खरं नसल्याने मी ते तूर्त रिकामं ठेवते आहे. पत्राच्या शेवटापर्यंत ते लिहिण्याजोगं झालं तर लिहीन.

तुम्ही तुमच्या बोलिंगच्या मित्रांना घेऊन पुढच्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारी आपल्या घरी येणार, त्यांना खरंखुरं झपाटलेलं घर दाखवणार, हे वाचून मी लगेच तयारीला लागले. वरच्या खोल्यांना हवा दिली, गाद्या उन्हात टाकल्या. कोळंबी सांगून ठेवली, लाल भाताचा बेत आत्याने स्वतः ठरवला. तुमच्यापैकी एकांकडे भूत जवळ आलं की पीं-पीं करणारं यंत्र आहे असं तुम्ही लिहिलंत. ते यंत्र जेवणाच्या टेबलावर आणायचं नाही, एवढी एकच अट आत्याने घातली. तुम्हाला आठवत असेल, आपले जुने भाडेकरू मिस्टर लेमुएल, त्यांना जेवताना आवाज खपत नसे. (म्हणजे असं आजोबा सांगत. मिस्टर लेमुएल हयात असताना मी कुठली असायला.)

आता इथल्या एका शववाहिनीचं सांगते, म्हणजे बाहेरचे लोक मिस्टर लेमुएलना काय समजतात ते कळेल. जुन्या शववाहिनीचं छप्पर कापून तिच्यातून पर्यटकांना फिरवायचा जो धंदा इथे चालतो, त्यातली एक हल्ली रोज संध्याकाळी आपल्या दारात थांबते. वाटाड्या पोरगा आपल्या घरात मुंडकं नसलेली नवरी फिरते असं ओरडून सांगतो. एवढ्या वर्षांत या घरात मिस्टर लेमुएलखेरीज कोणी वारलेलं नाही, आणि त्यांचं मुंडकं शाबूत होतं. मी एकदा फाटकाशी जाऊन त्याला नम्रपणे हे सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पियानो सुरात लावणाऱ्या म्हाताऱ्याला बघायला कोण येणार?" वरून लोक हसले. मी घरात आले आणि मला मिस्टर लेमुएलच्या खोलीच्या दिशेने बघवेना.

कारण काका, तुम्ही या घरात वाढलात, म्हणजे हे तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तिथल्या कोरड्या हवेत कदाचित विसरलाही असाल. या गावात, नदीच्या या ओलीत, पियानो एक उन्हाळा सुरात राहत नाही. लाकूड फुगतं, तारा ढिल्या पडतात. आपल्या दिवाणखान्यातल्या पियानोला मात्र माझ्या जन्माच्या आधीपासून कुठल्या सूर लावणाऱ्याने हात लावलेला नाही आणि तरी तो केसभरही उतरलेला नव्हता. मी लहानपणापासून रोज पहाटे अंथरुणात ऐकत आलेय: खालून एक स्वर, जरा थांबून तोच स्वर, किंचित वर. मग कापराचा वास जिन्यावरून येतो आणि जातो. एवढंच. कुणी दिसत नाही, कुणी कण्हत नाही, साखळ्या नाहीत. तरीही त्या दोन स्वरांच्या मधल्या शांततेत मला दर वेळी वाटायचं की सगळं घर, छतापासून तळापर्यंत, श्वास रोखून कान देतंय, आणि आपण फार मोठ्या माणसाच्या कामाच्या वेळी त्याच्या घरात झोपलो आहोत. त्याची मला भीती कधी वाटली नाही. उठून नीट बसावंसं मात्र वाटायचं.

तर घडलं ते असं. पाहुणे यायचे म्हणजे व्हरांडा रंगवायचा, हे आपल्याकडे कुणी सांगावं लागत नाही. आपल्या व्हरांड्याच्या छताचा निळा रंग पार उडून राखाडी लाकूड दिसत होतं. आजूबाजूच्या लोकांनी दुकानातून डबे आणून छतं निळी केली आहेत, कारण पर्यटक फोटो काढतात; पण त्या निळ्याने भूत राहू दे, डाससुद्धा अडत नाही. मला असली नावापुरती कामं जमत नाहीत. (हा गुण की खोड, यावर आत्याचं आणि माझं एकमत नाही.) मी जुन्या लोकांसारखा चुना भिजवला, दूध घातलं, नीळ खलली आणि छत रंगवलं. मग थोडा रंग उरला म्हणून दाराची चौकट, मग खिडक्यांच्या चौकटी, मग उगाच दुजाभाव नको म्हणून मागचं दार. आत्या खुर्चीत डोलत बघत होती. म्हणाली, "बाळ, माझ्या बापाच्या वेळी होतं तस्सं केलंस. आता बाहेरचं काही आत यायची छाती करायचं नाही."

आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही, काका. शपथेवर सांगते. निळ्या रंगाला भुतं पाणी समजतात आणि ओलांडत नाहीत हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे. पण भुतं म्हणजे ती बाहेरची, दलदलीतली, रात्री छातीवर बसणारी. मिस्टर लेमुएल हे आपले भाडेकरू. त्यांना भूत म्हणणं म्हणजे तुम्हाला डेट्रॉइटकर म्हणण्यासारखं झालं. रोज पहाटेचं काम आटोपलं की ते समोरच्या चौकात ओकच्या झाडांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या जटांखाली फेरी मारायला जातात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते फेरीला गेले आणि मी शिडी लावली.

दुसऱ्या पहाटे स्वर वाजला नाही. आत्या म्हणाली, दमले असतील. त्याच्या पुढच्याही पहाटे नाही. मग पावसाची झड आली आणि पियानोचे मधले स्वर घास अडकल्यासारखे बोलू लागले. आत्याने संध्याकाळी एक भजन सुरू केलं, अर्ध्यावर थांबली, झाकण लावलं आणि त्यावर कुंडी ठेवली. काका, त्या पियानोवर कुंडी! तेव्हापासून ती वाजवत नाही. तिची अशी खात्री झाली आहे की तुमच्या मित्रांपुढे मिस्टर लेमुएलचा तमाशा करायला तिने होकार दिला म्हणून ते अपमान मानून निघून गेले. "सभ्य माणूस होता, मी त्याला सर्कशीतला अस्वल केला," एवढंच म्हणते आणि भाताला हात लावत नाही.

मला खरं कारण एका गांधीलमाशीने दाखवलं. ती व्हरांड्यात शिरली, छताला आकाश समजून वर गेली, आपटली, दाराकडे वळली, चौकटीशी घुटमळली आणि परत फिरली. मी हातातली परात खाली ठेवली. एवढ्या मोठ्या, एवढ्या रीतीच्या माणसाला मी पाव डबा निळीने घराबाहेर काढलं होतं, आणि ते बिचारे फाटकाशी हॅट हातात घेऊन किती वेळ उभे राहिले असतील!

मग ते गेले कुठे? बाप्टिस्टांकडे. जन्मभर आपल्या मेथडिस्ट पंथाचा असलेला माणूस, आणि गेला दुसऱ्या पंथाकडे. काल दुपारी मी चौकापलीकडच्या त्यांच्या चर्चच्या सभागृहात ताटं परत द्यायला गेले होते. त्यांचा पियानो तुम्हाला आठवतो, मांजर चालल्यासारखा वाजतो. गायकवृंदाची तालीम सुरू होणार होती. मिस अर्नेस्टीन बसल्या, बाह्या सावरल्या आणि पहिला झंकार दिला. कोणी गायलंच नाही. तो आवाज इतका स्वच्छ होता की काचांवरचं ऊन हलल्यासारखं वाटलं. पुरुषांनी आपोआप टोप्या काढल्या. कुणाचं तरी तान्हं रडायचं थांबलं. स्वर विरत विरत पार संपेपर्यंत कुणी हललं नाही, आणि मग मला कापराचा वास आला. मिस अर्नेस्टीननी वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघितलंस पोरी? प्रार्थनेत जोर लागतो. तुम्हा मेथडिस्टांना ते कळायचं नाही." मी ताटं ठेवली आणि काही न बोलता निघाले. (नाही. "हो मॅम" म्हणून निघाले.)

तर काका, प्रश्न हा. छत खरवडून काढायला मी आजच तयार आहे, पण त्यासाठी आत्याला कारण सांगावं लागेल. कारण सांगावं तर तिला कळेल की ते रुसून गेलेले नाहीत, आपणच त्यांना दाराबाहेर अडवलं; आणि ते आता बाप्टिस्टांची सेवा करतात, हेही. न सांगावं तर ती उरलेलं आयुष्य स्वतःला दोष देत कुंडीला पाणी घालत बसेल. दोन्हींपैकी कुठलं तिच्या जिवाला कमी लागेल, हे तुम्ही तिचे भाऊ म्हणून कळवावं. मला तिसरं काही सुचत नाही.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
ओडेट

ता. क. माझं सगळं शिक्षण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आत्याच्या हाताखाली झालं, आणि माझं कुठलंही पत्र तिने तपासल्याशिवाय अजून पेटीत पडत नाही. हे वरचं सगळं लिहून होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर पत्र लपवणं म्हणजे खोटं बोलणंच, म्हणून मी ते नेहमीप्रमाणे तिच्यापुढे ठेवलं. तिने लाल पेन्सिल घेऊन चार ठिकाणी विरामचिन्हं दुरुस्त केली, "अस्वल केला नाही, अस्वल केलं," असं स्वतःच्याच वाक्याला सुधारलं (मी ते तसंच ठेवलं आहे, ती तसंच बोलली होती), आणि चर्चला जायची टोपी घालून चौक ओलांडून गेली. मी मागोमाग. सभागृह रिकामं होतं. ती बाप्टिस्टांच्या पियानोशी बसली नाही, उभीच राहिली आणि म्हणाली, "मिस्टर लेमुएल, इथे तुमची नीट सोय आहे ना?" काका, कुणी हात लावलेला नसताना एक स्वर वाजला. जरा थांबून तोच स्वर. वर नेलेला नाही, कारण वर न्यायला जागाच नव्हती. आत्याने खाली मान घातली, मग हातमोजे घातले.

ता. क. दोन. परत येताना ती अर्ध्या चौकात थांबून इतकी हसली की मला तिला धरावं लागलं. छत खरवडायचं नाही, उलट रंगाचा दुसरा हात द्यायचा, असं तिचं म्हणणं आहे. मी कारण विचारलं तर म्हणाली, "अगं, घरात एक माणूस आहे, त्याला एकटं टाकून कसं जायचं, म्हणून मी आजवर एक रात्र बाहेर काढलेली नाही. आता त्याला अख्खा गायकवृंद मिळाला." तेव्हा खरी विनंती अशी, की तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी येऊ नये. त्या शनिवारी आत्याच तुमच्याकडे डेट्रॉइटला येते आहे. तिकीट काढलं आहे. कोळंबी मी मिस अर्नेस्टीनना देते. आम्ही दोघी सुखरूप आहोत.

ता. क. तीन. तुमच्याकडे पियानो आहे का, आणि तुमच्या व्हरांड्याच्या छताचा रंग कोणता, हे उलटटपाली कळवावं. आत्या सहज विचारते आहे म्हणते, पण आज दुपारपासून अंगणात उन्हाला ठेवलेल्या तिच्या बॅगेला कापराचा वास येतो आहे.