लाकडी की स्टीलचा

जेसल पार्क, भाईंदर

आई,

सुतक आहे, म्हणून वर 'श्री' लिहिला नाही, नमस्कारही लिहीत नाही. रागावू नकोस.

अभिनवचा दहावा काल वरसाव्याच्या खाडीवर पार पडला. तुला येववलं नाही ते बरंच झालं. मी दोन घास जेवते आहे. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

पिंडाला कावळा शिवेना. हे म्हणाले, "तुझ्या बहिणीचं, ममताचं शिक्षण पुरं करीन." मी म्हटलं, "देवावर रुसणार नाही." तरी तो तिवराच्या फांदीवरच. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले.

तेव्हा उत्तनचा ट्रेव्हर पुढे आला, अभिनवचा जिवलग. रोलर कोस्टर लाकडी चांगला की स्टीलचा, यावर दोघं आठ वर्षं माझ्या ओट्याशी उभे राहून भांडले. ट्रेव्हर म्हणायचा, "स्टीलचा उलटा फिरवतो! तुझा लाकडी म्हणजे खडखडणारी खाट." आपला म्हणायचा, "अरे, लाकूड करकरतं, हलतं, जिवंत वाटतं." लाकडी तर दोघांनी मोबाईलवरच पाहिलेला.

ट्रेव्हरने हात जोडले. "चल भाई, तू जिंकलास. लाकडीच भारी."

कावळा लगेच खाली आला, आई. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र त्या कावळ्याचा रागच आला. आणखी थोडा हटून बसला असता, तर माझं पोर तेवढा वेळ तरी इथं राहिलं असतं.

तुझीच,
नीलू