वाचून दाखव, मग अंगठा

मी, चौथ्या मजल्यावरची पुठ्ठेवाली आजी, वय अठ्ठ्याहत्तर किंवा त्याच्या आसपास, खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापण्यात उमर घालवलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षरओळख नाही. मी बोलते आणि समोरच्या इमारतीतली घाई लिहिते. तिला घाई म्हणतात, कारण माझे वाक्य संपायच्या आत ती लिहून मोकळी होते. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला तपासले. डोके जागेवर आहे, गुडघे नाहीत, असा त्यांचा निकाल. तीन वर्षे मी जिना उतरलेली नाही. खिडकी उघडली की समोर भिंत. दार उघडले की त्रेसष्ट पायऱ्या.

कलम १. पट. माझी खरी मिळकत पलंगाखाली आहे: खेळाचे अकरा पट. पुठ्ठा मी कापला, चित्रे मी काढली, अक्षरे मुलींनी घातली. मुली म्हणजे पॅकिंगच्या कामावरच्या, अर्ध्यात शाळा सुटलेल्या, दर रविवारी माझ्या खोलीत जमणाऱ्या. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणे. पटावर कारखान्याचे गेट आहे, दवाखाना आहे, पोलीस चौकी आहे, तक्रारीचा काउंटर आहे. काउंटरच्या घरात बटण आले की उभे राहून, खाली न बघता, तक्रार शेवटपर्यंत बोलायची. नाही जमले तर तिथेच मुक्काम. एकीला सगळ्या मुकी म्हणत. ती तीन रविवार त्या घरात अडकली. चौथ्या रविवारी सुटली ती अशी, की मीच म्हटले, "बाई गं, आता दुसरीला खेळू दे!" गेल्या महिन्यात तिने कारखान्यातल्या बायकांच्या संडासाचे कुलूप काढायला लावले.

सर्वांत वाईट घर कोऱ्या कागदाचे. तिथे बाकीच्या एक कागद पुढे करतात. "वाचून दाखव, मग अंगठा" असे न म्हणता जी अंगठा टेकवते, ती बंद खोलीत जाते. तिथून आपले आपण सुटता येत नाही. दुसरीने स्वतःची खेळी सोडून न्यायला यायचे.

हे अकरा पट मुकीने सांभाळावेत. पावसापाण्यापासून जपावेत. नियम बदलायचे तर सगळ्यांना विचारून.

कलम २. कात्री. ही आमच्या जुन्या मुकादमांना द्यावी. फेकायचे तुकडे पिशवीत नेले म्हणून त्यांनी मला दिवसभर गेटवर उभे केले होते. त्याच तुकड्यांचा पहिला पट झाला. मुकादम, कात्री आता बोथट आहे, तुमच्यासारखीच. राग संपला असे समजू नका, नुसती धार गेली.

कलम ३. घाईला काही नाही. लिहिणाऱ्याने घ्यायचे नसते असे डॉक्टर म्हणतात. तिला फक्त माझा फासा. डॉक्टर, हे तुम्ही ऐकले नाही.

कलम ४. खोली. आता जे सांगायचे टाळत होते ते.

गेल्या वर्षी माझा मुलगा कागद घेऊन आला. "आई, दवाखान्याच्या विम्याचं आहे. इथे टेकव." मी टेकवला. चाळीस पोरींना कोऱ्या कागदाच्या घरात पकडणारी मी, पण पोटच्या पोराला "वाचून दाखव" म्हणायला जीभ उचलली नाही. पुढे कपाटात त्या कागदाची प्रत सापडली, ती घाईने वाचली. ते बक्षीसपत्र होते. ही खोली मी त्याला प्रेमापोटी देऊन टाकली म्हणे.

परवा त्याला विचारले तर म्हणाला, "तुला कोण वाऱ्यावर सोडतंय? माझ्याकडे चल. रविवारी गिऱ्हाईक खोली बघायला येतंय, तेवढा पोरींचा गोंधळ नको."

"तुझ्या खिडकीतून काय दिसतं रे?"

"पार्किंग."

"मग माझी भिंत काय वाईट आहे?"

वकीलबाई त्याआधीच इथे येऊन गेल्या. कागद रद्द होऊ शकतो म्हणाल्या, पण कोर्टात एक वाक्य मला स्वतःला बोलावे लागेल. ते वाक्य चार महिने घशात अडकले आहे. बोलले तर मुलगा जातो, गिळले तर मुलींची खोली जाते. काउंटरच्या घरात मुक्काम म्हणजे काय, ते मला आता कळते आहे.

म्हणून आज बोलते. कागद रद्द होऊन ही खोली माझ्याकडे परत आली, तर माझ्यामागे ती मुकी आणि तिच्यासोबत खेळणाऱ्या मुलींच्या नावे व्हावी. मुलासाठी मी माझी एक खेळी सोडते. रविवारी त्याने गिऱ्हाईक न आणता एकट्याने यावे, तो कागद सगळ्या मुलींसमोर मोठ्याने वाचावा आणि स्वतः रद्द करून द्यावा. तसे केले तर हे कलम फाडावे, आणि त्याला खेळायला बसवावे, निळे बटण द्यावे, लहानपणी त्याला निळेच लागायचे. नाही आला, तर सोमवारी सकाळी वकीलबाईंना बोलवावे. कोर्टातले ते वाक्य मी जिवंत आहे तोवरच बोलेन.

वरील सर्व मजकूर घाईने मला वाचून दाखवला. चौथ्या कलमाखाली तिने लिहिले होते, "मुलाकडून गैरसमज झाला."

"थांब. मी काय म्हटलं होतं?"

"आजी, ते कागदावर बरं दिसत नाही."

"बरं दिसायला मी काय फोटो काढायला बसले आहे? खोड ते."

खोडले. तिथे असे वाचावे: माझ्या मुलाने मला फसवले. खाडाखोड माझ्या सांगण्यावरून. घाईने पुन्हा पहिल्यापासून वाचले, या वेळी सावकाश.

साक्षीदार:
१. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर (सही)
२. जिन्याखालचा किल्लीवाला (सही. आजींच्या मुलाने मला रविवारी या दाराचे कुलूप बदलायला सांगितले आहे. मी रविवारी सुट्टी घेतली आहे.)

ठिकाण: चौथा मजला, उजवीकडची खोली
दिवस: शुक्रवार, दुपार

अंगठा, डाव्या हाताचा, वाचून घेतल्यानंतर: