शेवटच्या चरणातलं नाव

विक्रोळी पूर्व
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय निहार,

ताईचा सलाम. शुभदालाही सांग. रेवतीची परीक्षा जवळ आली असेल, तिला म्हणावं आत्या रोज नाव घेऊन प्रार्थना करते, पण गणिताचा अभ्यास तिचा तिलाच करायचाय.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू 'ताई, ऐक ना' म्हणतोस आणि मग खरंच मीच ऐकत बसते. कागदावर मध्ये बोलता येत नाही. तेव्हा आता तू ऐक.

तू कुरियरने पाठवलेला कागद काल दुपारी मिळाला. तुझी सही झकास आली आहे, पप्पांसारखी 'आढाव'खाली रेघ मारतोस अजून. कागदाचं मग सांगते.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कधी हो म्हणतो, कधी नाही. शिवणाचं काम थोडं मंदावलंय. थोडं कसलं, वाट लागली आहे. तुला फोनवर मी 'लग्नसराई संपली' म्हणाले होते, ती थाप होती. डिसेंबरातल्या त्या प्रकारानंतर बिल्डिंगमधल्या सात जणी ब्लाऊज परत घेऊन गेल्या. अर्धे शिवलेले. एकीच्या ब्लाऊजला नुसते हुक लावायचे राहिले होते, म्हटलं पाच मिनिटं थांबा, लावून देते. थांबली नाही बाई. आता ती पिन लावून फिरत असेल तर फिरू दे.

त्या बुधवारचं मी तुला अर्धंच सांगितलं, आता पूर्ण सांगते. सतरा डिसेंबर. प्रार्थनेला आम्ही तेरा जण होतो. मी पेटीवर, आपलं नेहमीचं गाणं चाललेलं, दार नेहमीसारखं उघडं. दहाबारा माणसं चपला घालून आत आली. पुढच्याच्या हातात फोन, चित्रण चालू. इथे धर्मांतर चालतं ना, कोणाला किती देता, असं विचारायला लागले. मी म्हटलं मी ब्लाऊजचे पैसे घेते, देत कोणालाच नाही. त्यावर एकाने टीपॉयवरचं पप्पांचं पवित्र शास्त्र हाताने सरकवून खाली पाडलं. उचलायला वाकले तेव्हा ते दोनदा हातातून सुटलं. हे सगळं त्या व्हिडिओत आहे, लोकांनी पाहिलंय. चौथ्या मजल्यावरची शीतल, जी आपणहून येऊन मागे बसते, ती तोंडावर पदर घेऊन बसलेली दिसते. तिच्या सासरी त्यावरून काय झालं असेल ते सांगत नाही.

पोलीस आले, सगळ्यांची नावं लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून जबाब घेतला. बोलणं सभ्य होतं. शेवटी एवढंच म्हणाले, मॅडम, थोडे दिवस शांततेत घ्या. आता पेटी अजून किती शांततेत वाजवायची ते त्यांनी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या एकवीस घरांनी सोसायटीकडे अर्ज दिला, की आढावांच्या घरातला प्रकार बंद करा.

तुझा फोन आला तो नाताळ झाल्यावर, अठ्ठावीस तारखेला. तू ओरडला नाहीस, उलट फार गोड बोललास. म्हणालास, बंद नको करू ताई, फक्त पप्पांच्या पदातला एक शब्द बदल. 'ख्रिस्त'च्या जागी 'प्रभू' म्हण. ऐकणाऱ्याला वाटेल भजन चाललंय, आपल्याला माहीत आहेच आपण कोणाला म्हणतो. आणि वर म्हणालास, बघ, अक्षरंसुद्धा तेवढीच बसतात.

बसतात, खरं आहे. तू तबला वाजवायचास, तुला हिशेब पाठ.

काळोखाची वाट, पायी काटे फार,
संकटी आधार, ख्रिस्त माझा.

शेवटच्या चरणात चार अक्षरं. 'प्रभू माझा' म्हटलं तरी चारच. पप्पांनी हे पद कंपनी बंद पडली त्या वर्षी केलं होतं. तू तेव्हा पाचवीत. घरात दोन वेळा पिठलं, आणि हे गृहस्थ बाल्कनीत बसून बोटांवर अक्षरं मोजतायत. मम्मी इतकी चिडली होती की तिने पीठ मळताना त्यांच्या वहीवर पिठाचा हात पुसला. ती वही माझ्याकडेच आहे.

मग पुढचे बुधवार मी 'प्रभू माझा' गायले. एकतीस डिसेंबरलाही आणि सात जानेवारीलाही. मागच्या रविवारी तुला फोनवर म्हटलं, तुझं ऐकून केलं रे बाबा, आता शांत झोप. तू खूश झालास.

तिथे मी थांबायला नको होतं.

निहार, ते तुझं ऐकून केलेलं नव्हतं. तुझा फोन येण्याच्या चार दिवस आधी, चोवीस तारखेच्या संध्याकाळी मी तो शब्द बदलला होता. तू सुचवलंस तेव्हा मला बरं वाटलं, कारण आता ते तुझ्या गळ्यात घालता येत होतं. तीन आठवडे मी मनात तुलाच शिव्या घातल्या, भित्रट, पुण्यात बसून अक्कल शिकवतो वगैरे. भित्री मी होते. तू भित्रा नाहीस, तुझ्यामागे बायको आहे, पोर आहे, नोकरी आहे, तुला दहा गोष्टी बघाव्या लागतात. मला फक्त एक शिलाई मशीन बघायचं होतं, तरी माझी तंतरली.

चोवीसला खाली गेटपाशी चारपाच माणसं उभी होती. आपल्याचसाठी होती की नाही, देव जाणे. आम्ही आठजण दार लावून बसलो होतो. निहार, मम्मीपप्पांच्या घराचं दार प्रार्थनेला लावलेलं तू कधी पाहिलंस? मी लावलं. गाता गाता शेवटचा चरण आला, जिन्यात पावलं वाजली आणि माझ्या तोंडून आपोआप 'प्रभू माझा' निघालं. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. गाणं पुढे चालू राहिलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, सूर हलला नाही, ताल चुकला नाही, काहीसुद्धा बिघडलं नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. आणि पुढच्या बुधवारी मी ते ठरवून गायले.

'प्रभू' म्हणणं पाप आहे असं मी म्हणत नाही. दिवसातून पन्नास वेळा मी प्रभू प्रभू करते. पण ते त्याला हाक मारायला. ह्या वेळी तो शब्द मी त्याला लपवायला वापरला. फरक मला कळत होता.

तुला वाटेल मग आमच्यातल्याच कोणीतरी मला टोकलं असेल. नाही. पाळकसाहेबांना कळलंच नव्हतं. ख्रिस्ताला ओळखत नाही म्हणणाऱ्या पेत्राला निदान कोंबडा आरवला, मला आरवले ते समोरचे काशीरामकाका.

तुला ते आठवतच असतील. समोरच्या दारातले, गिरणीतून निवृत्त झालेले, भजनी मंडळात पखवाज वाजवतात, आणि गणपतीत तुला एकदा चुकीच्या ठेक्यावरून सगळ्यांसमोर झापलं होतं. तर अर्जावर त्यांची सही दुसऱ्या नंबरला आहे. डिसेंबरपासून त्यांच्या घरातलं कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. ह्या बुधवारी, चौदा तारखेला, संक्रांत. दुपारी दार वाजलं. भीतभीत उघडलं तर काका, हातात तिळगुळाची वाटी. मला वाटलं मिटलं बुवा. त्यांनी दोन लाडू माझ्या हातावर ठेवले, गोड बोला म्हणाले, आणि पुढच्याच श्वासात विचारलं की त्या अभंगातलं नाव कुठे गेलं.

मी म्हटलं कुठलं नाव. म्हणाले, तीस वर्षं समोरच्या दारातून ऐकतोय, आढावांच्या शेवटच्या चरणातलं नाव मला पाठ आहे, तू तीन बुधवार दुसरंच म्हणतेस. मी सारवासारव करायला लागले. म्हटलं, काका, तुम्हीच अर्ज दिलाय, तुम्हालाच त्रास नको म्हणून बदललं. तर ते भडकले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, मालवणी तुला कळतं.

"अर्जावर माझी सही आसा, ती मी मागे घेवचंय नाय. तुझो देव तो माझो नाय. पण तुझ्या बापाशीन घातलेला नाव काढूक तू कोण गो?"

मग जरा आवाज उतरवून म्हणाले की अभंग करणाऱ्याने जिथे नाव घातलं तिथे ते घ्यायचं, नाहीतर गायचंच नाही, नाव गाळून गाणारा चोर असतो. वाटी उचलली आणि गेले. गोड बोला म्हणे.

दार लावून मी मशीनपाशी बसले आणि ढसाढसा रडले. आधी राग आला, की हा कोण मला शिकवणार, ह्याच्याच सहीने माझ्या घरावर हे आलंय. मग वाटलं, ज्याला माझं गाणं बंद पाहिजे त्याला माझ्या ख्रिस्ताचं नाव राहिलं नाही हे कळलं, आणि मला नाही. ते दोन्ही लाडू मी खाल्ले. रागातच खाल्ले, पण चांगले झाले होते.

संध्याकाळी पाचच जण आले. शीतल आली. तिला म्हटलं तू जा गं, तुला घरी परत भांडण होईल. ती म्हणाली, "ताई, भांडण तर झालंच आहे. आता बसू तर द्या." सेक्रेटरी समोर पॅसेजमध्ये मुद्दाम उभे होते, आणि काकांचं दार अर्धं उघडं. मी आपलं दार सताड उघडलं. खिडक्याही. पेटीवर हात ठेवला. पहिल्यांदा 'ख्रिस्त'वर आवाज फाटला. अगदी बेसूर. दुसऱ्यांदा बरा लागला. मग म्हटलं आता लागलाच आहे, तर तिसऱ्यांदाही घेऊ, आणि चौथ्यांदाही. शीतल मागे बसून इतक्या मोठ्याने गात होती की मला तिला खुणेने हळू म्हणावं लागलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले त्या रात्री.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींनी नोटीस हातात दिली. पंचवीस तारखेला रविवारी सभा आहे, त्याआधी दोन्ही मालकांच्या सहीने लिहून द्या, नाहीतर आम्ही अर्ज वर पाठवू. तुलाही त्यांनी फोन केला, म्हणून तू घाईघाईने कागद टाईप केलास, ते मी समजू शकते.

"आमच्या घरी दर बुधवारी भक्तिगीतांचा घरगुती सराव होतो. त्याचा कोणत्याही धर्माशी संबंध नाही."

वकिलाला दाखवून लिहिलंयस, भाषा चांगली आहे. दोन ओळींत सगळं मिटतं. मी काल दोन तास हा कागद मांडीवर घेऊन बसले. पेनही घेतलं. तुझ्या सहीच्या शेजारी माझ्या नावाची जागा तू टिंबं देऊन आखली आहेस.

नाही करत सही. कागद ह्या पाकिटात परत पाठवतेय. फाडला नाही, कारण त्यावर तुझी सही आहे.

त्याच्यासोबत दुसरा कागद आहे, तो मी हाताने लिहिलाय. वाच: "दर बुधवारी संध्याकाळी सात ते साडेआठ आमच्या घरी ख्रिस्ती प्रार्थना होते. दार उघडं असतं. आम्ही कोणाला आमिष दाखवून आणत नाही आणि आलेल्याला हाकलत नाही. लाउडस्पीकर नाही, पेटी आहे. साडेआठला पेटी बंद होते. कोणाच्या घरी आजारी माणूस किंवा परीक्षा असेल तर सांगावं, हळू गाऊ." माझ्या मते ह्यात भांडण लागेल असं काही नाही. तरी लागेल, मला माहीत आहे.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. पोलीस परत बोलावतील. शिवण आणखी कमी होईल. कदाचित ते लोक पुन्हा येतील, आणि ह्या वेळी नुसतं पुस्तक पाडून जाणार नाहीत. भीती गेलेली नाही रे. आजही जिन्यात पावलं वाजली की मशीनवरचा माझा पाय थांबतो. पण मी ठरवलंय, भ्यायचं असेल तर त्याचं नाव घेऊन भ्यायचं. नाव टाकून मी तीन आठवडे राहून बघितलं, भीती एक इंचही कमी झाली नव्हती, उलट सोबतीला कोणी नव्हतं.

तू रागावशील. रागाव. घर तुझंही आहे, तुझा हक्क आहे. रेवतीच्या कॉलेजात कोणी तिला आत्याचा व्हिडिओ दाखवला तर तिला काय वाटेल, असं तू म्हणालास, त्यावर मी रात्रभर विचार केला. तिला खरं सांग. सांग की आत्या एकदा घाबरली आणि नाव बदलून गायली. तेही सांग. मग बाकीचंही सांग.

माझ्या कागदावर मी माझी सही केली आहे, पूर्ण नावाने. शेजारी तुझी जागा मोकळी सोडली आहे, टिंबं मला नीट आखता आली नाहीत. सही करायची असेल तर शुक्रवारपर्यंत परत पाठव. नाही केलीस तरी तू माझा भाऊच आहेस, त्यात काही कमी होणार नाही. शनिवारी सकाळी दहाला सोसायटीचं ऑफिस उघडतं. त्या वेळी हा कागद मी तिथे देणार आहे, दोन सह्यांचा असो की एका.

ख्रिस्तात तुझी,
सुवार्ताताई